नेम आणि नियम

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या सभागृहात आंतरशालेय नेमबाजी स्पर्धा भरली होती. समोरच्या भिंतीशी जाड फळ्या उभ्या करून त्यांवर कागदी लक्ष्ये लावली होती. दहा मीटरवर बाकांची रांग मांडून नेमबाजांची जागा मुक्रर केली होती, आणि त्या बाकांमागे अवघ्या चार-पाच हातांवर पालकांच्या खुर्च्या होत्या. गुण मोजण्याच्या टेबलावर मदतीला म्हणून मला बोलावले होते. एका फेरीच्या मध्यावर एका मुलाच्या वडिलांनी मागून हाक मारली, "अरे, इकडे बघ जरा!" त्यांना छायाचित्र हवे होते. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, आज्ञाधारक. तो वळला, पण तो एकटा वळला नाही, त्याच्या हातातली एअर रायफलही त्याच्याबरोबर वळली. नळीचे तोंड पालकांच्या पहिल्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. जवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी झटकन नळी वर उचलली, मुलाला पुन्हा लक्ष्याकडे वळवले आणि चाप ओढायला सांगितले. छर्रा सुटला. बंदूक भरलेली होती.

सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग कोणी तरी हसले, वडिलांनी ओशाळून क्षमा मागितली आणि स्पर्धा पुढे सुरू झाली. सायंकाळी पारितोषिके वाटली गेली, भाषणे झाली, आभार मानले गेले. घडल्या प्रकाराची नोंद मात्र कोठेही झाली नाही. ती करण्याजोगा कागद माझ्याच पुढ्यात होता. मीही ती केली नाही. "काही झाले तर नाही ना!" या एका वाक्याने आपल्याकडे बहुतेक इशारे निकालात काढले जातात. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या नोंदीची उशिरा केलेली भरपाई आहे.

नेमबाजी हा खेळ आता मूठभर हौशी संस्थानिकांचा वा लष्करी अधिकाऱ्यांचा राहिलेला नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले आणि या खेळाकडे सर्वसामान्य घरांचे लक्ष गेले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथील परंपरा त्याहून जुनी आहे. अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली होती. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या ठरल्या. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आणि २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले, तेव्हा १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर बहात्तर वर्षांनी एका मराठी खेळाडूच्या नावापुढे वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले. या यशाच्या पाठीशी संघटनेचे बळही आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. त्यांच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतूनच आजही असंख्य हौशी नेमबाज राष्ट्रीय पातळीचे दार ठोठावत असतात.

पदकांमागून गर्दी येते आणि गर्दीमागून सोयी-गैरसोयी येतात, हा सर्वच खेळांचा अनुभव आहे. पुण्यात बालेवाडीला वा मुंबईत वरळीला नेमबाजीसाठी खास बांधलेली केंद्रे आहेत. परंतु जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी हा खेळ शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयात, कोठे पत्र्याच्या शेडमध्ये चालतो. तो तेथे चालू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण मोठ्या शहरांबाहेरचे खेळाडू अशाच जागांतून वर येत असतात. प्रश्न आहे तो एवढाच, की खेळ जसा तालुक्यापर्यंत पोहोचला, तशी त्याची शिस्तही तेथवर पोहोचली आहे काय?

या खेळाचे जाणकार एक मुद्दा नेहमी मांडतात आणि तो खोडून काढता येत नाही. नेमबाजी हा फार सुरक्षित खेळ आहे, असे ते म्हणतात. कबड्डीत गुडघे फुटतात, क्रिकेटमध्ये बोटे मोडतात, कुस्तीत खांदे निखळतात; चांदमारीच्या मैदानावरून मात्र बहुतेक सारे धडधाकट घरी परततात. हे खरे आहे. परंतु या सुरक्षिततेचे श्रेय बंदुकीला नाही. बंदूक तीच असते, जी अन्यत्र जीव घेते. श्रेय आहे ते तिच्याभोवती उभ्या केलेल्या नियमांच्या कुंपणाला. कुंपण आहे म्हणून शेत सुरक्षित आहे, हे विसरून शेत मुळातच सुरक्षित आहे असे मानणारा शेतकरी एक दिवस कुंपणाचे लाकूड सरपणाला नेतो. हौशी स्पर्धांतून आज नेमके हेच होण्याचा धोका आहे.

हे कुंपण कशासाठी, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्स यांची कहाणी आठवावी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात, म्हणजे पुढे कुसाळे यांनी ज्या प्रकारात पदक मिळवले त्याच प्रकारात, ते शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होते. शेवटची गोळी त्यांनी झाडली ती शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर. गुण शून्य, सुवर्णपदक हातचे गेले आणि ते थेट आठव्या स्थानावर घसरले. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तीच वेळ आली. शेवटच्या गोळीला सात गुणांचा सामान्य नेमही पुरला असता. पण नळी लक्ष्यावर स्थिरावण्यापूर्वीच बोट चापाला लागले, गोळी सुटली आणि ४.४ गुण पदरी पडले. या खेपेस ते चौथे आले.

लोक या कहाणीतून नशिबाचा धडा घेतात. मला तिच्यात दुसराच धडा दिसतो. जगातला अव्वल नेमबाजही ऐन क्षणी चुकीच्या लक्ष्यावर गोळी झाडू शकतो आणि त्याचे बोट त्याच्या इच्छेआधी चापावर पडू शकते. चूक ही माणसाच्या स्वभावातच आहे. ती कितीही सरावाने समूळ नाहीशी होत नाही. मग एमन्स यांच्या दोन्ही चुकांत गेले ते केवळ पदक, कोणाचा प्राण गेला नाही, असे का? कारण दोन्ही वेळी त्यांच्या रायफलीचे तोंड लक्ष्यांच्या दिशेलाच होते आणि त्या दिशेला कोणीही माणूस उभा नव्हता. नियमांनी चूक टाळली नाही. नियमांनी चुकीची किंमत कमी केली. सुरक्षेच्या साऱ्या शास्त्राचे सार या एका वाक्यात आहे.

हे नियम मुळात फार थोडे आणि सोपे आहेत. बंदूक भरलेली आहे असेच समजून तिला नेहमी हाताळावे, मग ती आपण स्वतः आत्ताच रिकामी केलेली का असेना. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेला असावे. नेम धरून गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाच्या आत जाऊ नये. 'लोड' असा हुकूम झाल्याखेरीज बंदूक भरू नये आणि 'स्टॉप' असा हुकूम होताच, अर्धा नेम साधलेला असला तरी, थांबावे. कोणीही माणूस नेमबाजांच्या रेषेपुढे गेला असेल तर बंदुका रिकाम्या करून, नळीत रंगीत सुरक्षा झेंडी घालून खाली ठेवाव्यात आणि त्यांना हातही लावू नये. ही झेंडी म्हणजे भडक रंगाची साधी दोरी असते. पण ती नळीतून आरपार दिसली म्हणजे बंदूक रिकामी आहे याची खात्री दुरूनही पटते, कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. काडतूस उडाले नाही तर गडबडून बंदूक फिरवून पाहू नये. तोंड लक्ष्याकडेच ठेवून काही वेळ थांबावे आणि अधिकाऱ्याला हात करून बोलवावे, कारण उशिरा पेटणारे काडतूस क्वचित असते, पण असते. एवढ्या पाच-सहा गोष्टी शाळकरी मुलाला एका तासिकेत सांगता येतात. त्या अंगवळणी पडायला मात्र महिने लागतात, आणि स्पर्धेच्या दिवशी त्या मोडल्या जात असताना मोठी माणसे हसली तर त्या एका दिवसात विसरल्याही जातात.

हौशी वर्तुळात सर्वाधिक नुकसान करणारा समज म्हणजे 'एअर गन हे खेळणे आहे' हा होय. जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानाने तो आपल्या मनात लहानपणीच रुजवलेला असतो. कायद्याच्या एका सवलतीने त्याला बळकटी मिळते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांनुसार वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही, आणि दहा मीटर स्पर्धेच्या बंदुका या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात. परंतु परवाना लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. स्वयंपाकघरातल्या सुरीलाही परवाना लागत नाही. साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरहून अधिक वेगाने सुटतो. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो जो छर्रा टिपतो, त्याला माणसाचा डोळा अवघड नाही, आणि गेलेला डोळा कोणतेही पदक परत आणीत नाही.

आधुनिक एअर रायफलीच्या नळीखाली जे नळकांडे असते त्यात साधारण दोनशे बार इतक्या दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकातील हवेच्या नव्वद ते शंभर पट हा दाब होय. या नळकांड्यावर मुदत कोरलेली असते. ती सामान्यतः दहा वर्षांची असते. पण महागडी बंदूक सेकंडहँड घेणाऱ्या मध्यमवर्गीय पालकाला ती तारीख वाचायची असते हेच कोणी सांगत नाही. मुदत संपलेले नळकांडे भरताना फुटले, तर ते धरणाऱ्या हाताचे काय होईल हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. तिसरी गोष्ट त्याहून साधी आहे: छर्रे शिशाचे असतात, शिसे हे विष आहे आणि वाढत्या वयाच्या मुलांना ते विशेष बाधते. छर्रे हाताळलेल्या हातांनी डबा उघडून पोळी खाणारी मुले मी प्रत्येक स्पर्धेत पाहिली आहेत. साबणाची एक वडी आणि पाण्याचा नळ, एवढाच त्यावरील खर्च आहे.

पन्नास मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या ०.२२ बोअरच्या रायफलीची तर बातच वेगळी. राष्ट्रीय छात्रसेनेतल्या हजारो विद्यार्थ्यांनी तिच्यावर पहिला नेम धरलेला असतो आणि तिची गोळी दिसायला करंगळीच्या पेराएवढी असते. पण ती गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. लक्ष्य पन्नास मीटरवर आहे म्हणून धोकाही पन्नास मीटरवर संपतो, असे नाही. मागे मातीचा पुरेसा उंच बांध नसेल तर त्या लक्ष्यामागचे शेत, पायवाट आणि वस्ती हे सारेच लक्ष्य होऊन बसते.

आता प्रत्यक्ष स्पर्धांकडे वळू. मोठ्या केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतात. गुण पडद्यावर उमटतात आणि कोणाला रेषेपुढे जावे लागत नाही. गावच्या स्पर्धेत कागद बदलायला दर फेरीनंतर माणसे पुढे जातात. दिवसाला दहा-बारा फेऱ्या उरकायच्या असतात, दुपारी वेळ हातातून निसटलेला असतो, आणि कागद बदलणारा परतण्यापूर्वीच पुढच्या तुकडीचा एखादा उतावीळ खेळाडू बंदूक खांद्याला लावून सराव करू लागतो. अनेकदा संयोजक, प्रशिक्षक आणि रेंज अधिकारी या तिन्ही भूमिका एकच गृहस्थ बजावीत असतात. त्यांचा एक डोळा प्रमाणपत्रांवर, दुसरा पाहुण्यांच्या गाडीच्या वाटेवर असतो. नळ्यांकडे पाहायला तिसरा डोळा त्यांनी आणावा कोठून?

आणि पाहुणे येतात तेव्हा उद्घाटनाचा तो परिचित सोहळा होतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि प्रमुख पाहुण्यांच्या हातात बंदूक दिली जाते. त्यांनी ती आयुष्यात प्रथमच धरलेली असते. सभोवती कार्यकर्त्यांचा गराडा असतो, समोरून छायाचित्रकार "साहेब, इकडे" म्हणत असतात, आणि 'समोरून' या शब्दाचा अर्थ तेथे नळीच्या तोंडासमोर असा होतो. दिवसभर मुलांना ज्या नियमांचा धाक घालायचा, त्यांतला एकूणएक नियम पहिल्या पाच मिनिटांत व्यासपीठावरच्या मंडळींनी मोडून दाखवलेला असतो. मुले भाषणांतून शिकत नाहीत, पाहून शिकतात. प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे.

शस्त्राशी आपले नाते तसे जुने आणि आदराचे आहे. खंडेनवमीला आपण हत्याराला गंध-फूल वाहतो. शेतकरी विळ्या-कोयत्याची, कारागीर अवजारांची पूजा करतो. त्या पूजेचा अर्थ एवढाच, की जे साधन पोट भरते किंवा रक्षण करते, तेच बेसावध हाताला इजाही करते. म्हणून त्याच्याशी अदबीने वागावे. त्याच समाजात वरातीत बंदुकीचे बार काढण्याची हौसही वाढली. अखेर २०१९ च्या दुरुस्तीने अशा उत्सवी गोळीबारासाठी आणि शस्त्राच्या बेफिकीर वापरासाठी दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात घालावी लागली. पूजा आणि बार यांतले अंतर म्हणजेच आदर आणि मिरवणे यांतले अंतर होय. नेमबाजी हा आदराचा खेळ आहे. त्याला मिरवण्याचे वळण लागू द्यायचे की नाही, हे हौशी संयोजकांच्या आणि पालकांच्या हाती आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. तो फारसा टिकत नाही. नळीत घालायची झेंडी, प्रेक्षकांना मागे रोखणारा दोर, हात धुण्याचा साबण, कागदी लक्ष्यांमागचे जाड आच्छादन, यांना चषकांपेक्षा कमी पैसे लागतात. रेंजवर नळ्या पाहण्यावाचून दुसरे कोणतेही काम नसलेला एक माणूस, हा यातला सर्वांत मोठा खर्च. आणि माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही, दुर्मीळ आहे ते त्याला दुसरे काम न सांगण्याचे भान. दुसरा आक्षेप असा, की फार बंधने घातली तर मुले बिचकतील आणि खेळापासून दूर जातील. अनुभव याच्या उलट आहे. ज्या मुलाला नियम पक्के ठाऊक असतात, त्याचा हात थरथरत नाही. मनात कोठेही धाकधूक नसणे ही नेमाची पहिली अट आहे. नियम हा नेमाचा वैरी नव्हे, तो त्याचा थोरला भाऊ आहे.

तेव्हा काय करता येईल? स्पर्धेपूर्वी दहा मिनिटे सर्व खेळाडूंना, आणि पालकांनाही, नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. प्रेक्षक आणि नेमबाज यांच्यामध्ये दोर बांधावा आणि त्या दोराअलीकडे हाक मारायला, छायाचित्र घ्यायला वा शाबासकी द्यायलाही कोणाला येऊ देऊ नये. उद्घाटनाची गोळी पाहुण्यांनी झाडण्याची प्रथा बंद करावी. तो मान गावच्या सर्वांत शिस्तीच्या खेळाडूला द्यावा. धोका दिसताच 'थांबा' असे ओरडण्याचा अधिकार लहान-मोठ्या प्रत्येकाला असावा आणि तो चुकून वापरला गेला तरी कोणी हसू नये. नळीचे तोंड वळवणाऱ्या खेळाडूला, तो कितीही गुणी असो, त्या फेरीतून बाहेर बसवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, न झालेल्या अपघातांची नोंद ठेवावी. झालेल्या अपघाताचा पंचनामा पोलीस करतातच; न झालेल्या अपघाताचा पंचनामा आपण करायचा असतो, आणि उपयोग त्याचाच अधिक असतो. शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्पर्धेला पाठवण्यापूर्वी संयोजकांना एकच प्रश्न लेखी विचारावा: नळ्यांवर लक्ष ठेवणारा आपला अधिकारी कोण, आणि त्या दिवशी त्याला आणखी कोणते काम दिले आहे?

अतिपरिचयादवज्ञा, असे संस्कृत सुभाषितकाराने म्हटले आहे. रोज हाताळल्याने बंदुकीची भीती जाते, हे चांगलेच. पण भीतीबरोबर आदरही जातो, तेव्हा ती पुन्हा आपले मूळ रूप धारण करते.

त्या दिवशीचा तो मुलगा आता महाविद्यालयात असेल. त्याने खेळ चालू ठेवला की सोडला, मला ठाऊक नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या कोणालाही आपल्यावरून काय फिरून गेले, याची आज आठवणही नसेल. मला मात्र त्या सुटलेल्या छर्‍याचा फळीवर झालेला लहानसा आवाज अजून ऐकू येतो. त्या दिवशी माझ्यापुढे कोरा कागद होता आणि हाती लेखणी होती. मी गुण लिहीत राहिलो. हा लेख वाचणाऱ्या एखाद्या शिक्षकावर, कारकुनावर वा विद्यार्थ्यावर उद्या तशीच पाळी आली, तर त्याने गुण थोडे मागाहून लिहावेत.